‘जरा थांबवा’: आमच्या मंडळाचे दिनविशेष

सावित्रीबाई फुले यांची जयंती ३ जानेवारीला, कुसुमाग्रजांची २७ फेब्रुवारीला, एप्रिलमध्ये तीन दिवसांच्या अंतराने जोतिराव आणि बाबासाहेब, मे उजाडताच महाराष्ट्र दिन आणि पावसाळा सरल्यावर गांधी जयंती, असे आमच्या मंडळाचे दिनविशेष ठरलेले होते. पुढे त्यांत २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाची भर पडली. फार पूर्वी या प्रत्येक दिवशी प्रतिमेला हार, पाहुण्यांचे व्याख्यान आणि आभारप्रदर्शन एवढाच कार्यक्रम असे. पाहुणे बहुधा तेच असत आणि भाषणही तेच असे. महापुरुषाचे नाव तेवढे बदले. या शिरस्त्यात पडदा आणला तो आमच्या तेव्हाच्या कार्यवाहांनी. ते शाळेत इतिहास शिकवत, आणि भाषण ऐकून जांभया देणारी मुले चित्र पाहून प्रश्न विचारतात, हा त्यांचा वर्गातला अनुभव होता.

सुरुवातीला पडदा म्हणजे भिंतीवर ताणून बांधलेले पांढरे धोतर असे. सरकारी माहिती खात्याकडून १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि अनुबोधपटांचे डबे येत. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली स्थापन झाली आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी अनुबोधपट व वार्तापट दाखवणे बंधनकारक असे; त्यामुळे निवेदकाचा तो भारदस्त आवाज मोठ्यांच्या परिचयाचा होता. आम्हा मुलांचे लक्ष मात्र यंत्राकडे असे. प्रोजेक्टरवाला दातेरी चाकांवरून फिल्म ओवताना वर आणि खाली एकेक सैल वळसा राखी, आणि तो वळसा आवळला गेला की पडद्यावरचे पुढारी थरथरू लागत. चालू फिल्म मध्येच रोखून धरण्याची सोय नव्हती, कारण दिव्याच्या धगीने ती तेवढ्या जागी जळण्याची भीती असे. म्हणून जे काही बोलायचे ते रीळ बदलताना, आणि तेवढ्यात निम्मे लोक पाणी प्यायला उठत.

पुढे मंडळाने वर्गणी काढून व्हीसीआर घेतला, आणि माझ्या मते आमच्या दिनविशेषांचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. कार्यवाहांनी पहिल्याच वेळी जाहीर केले की, ज्याला शंका असेल त्याने ‘जरा थांबवा’ म्हणावे. लहान असो वा मोठा, कॅसेट थांबवली जाईल. शिस्तप्रिय मंडळींना हा प्रकार मुळीच रुचला नाही. थांबवलेल्या चित्रावर पांढरे पट्टे थरथरत राहत आणि त्या अर्धवट प्रकाशात वाद रंगत.

महात्मा फुले यांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, ‘भारत एक खोज’मधला जोतिरावांवरचा भाग लावत. श्याम बेनेगल यांची ही ५३ भागांची मालिका १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झाली होती, आणि आमच्या एका सभासदाने रविवारी सकाळी उठून तिचे बरेच भाग नेमाने कॅसेटवर उतरवून ठेवले होते. त्या भागात जोतिराव होते सदाशिव अमरापूरकर. ज्या मुलांनी त्यांना ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आणि ‘सडक’मधली महाराणी म्हणून पाहिले होते, ती प्रथम खुसखुसत. ‘हा तर व्हिलन!’ असे कोणीतरी मोठ्याने म्हणेच. पण पागोटे आणि उपरणे ल्यालेला तो माणूस बोलू लागला की हळूहळू खुसखूस थांबे. मग पहिला ‘जरा थांबवा’ येई तो बहुधा एखाद्या आजींचा: आपले जोतिराव हिंदीत का बोलतात? त्यावर अर्धा तास जाई. मालिका साऱ्या देशासाठी आहे, असे कार्यवाह सांगत. त्यावर, देशाला कळावे म्हणून आमच्या माणसाने भाषा का सोडावी, असे आजी विचारत. आणि खरे सांगायचे तर आजींचा मुद्दा मला आजही पूर्ण खोडता येत नाही. दुसरा प्रश्न एका शाळकरी मुलीचा मला चांगला आठवतो. भिडेवाड्यातली १८४८ सालची मुलींची शाळा हा विषय निघाला, तेव्हा तिने विचारले की, मुलींना शाळाच नव्हती, तर सावित्रीबाई कुठे शिकल्या? जोतिरावांनी त्यांना घरी शिकवले, हे उत्तर ऐकून ती बसली. मात्र तिच्या शेजारच्या बाईंनी उठून आपल्याला सासरी आल्यावर दिराने बाराखडी कशी शिकवली ते सांगायला सुरुवात केली. एवढी वर्षे त्या बाई सभेत सतरंज्या घालण्यापलीकडे कधी पुढे आल्या नव्हत्या.

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम मंडळ मुद्दाम ३ मेपर्यंत लांबवी, कारण १९१३ साली त्याच तारखेला मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याची उरलेली रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत; आमच्याकडे त्यावरून आलेली प्रत होती. मूकपटाला आवाज नाही, म्हणून मंडळाच्या भजनातले पेटीवाले आणि तबलजी पडद्याखाली बसत. पाट्या हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असत आणि त्या मोठ्याने वाचण्याचा मान पाचवी-सहावीच्या मुलांचा. ती अडखळली की पेटीवाले समेवर यायचे थांबत. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, हे कळल्यावर बायकांत हसू उसळे आणि मग त्या काळी स्त्रिया कॅमेऱ्यापुढे का येत नसत, यावर चर्चा सुरू होई. फाळक्यांनी स्वतःचे काम दाखवणारी एक छोटी फीतही केली होती, तीत ते कलावंतांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात. मला स्वतःला कथेपेक्षा ही फीत अधिक प्रिय आहे. हरिश्चंद्राचे सत्त्व कीर्तनातही भेटते. फाळक्यांचे लगबगीने चालणारे हात फक्त इथेच दिसतात.

गांधी जयंतीचा प्रयोग एकदाच मोठ्या प्रमाणावर झाला. विठ्ठलभाई झवेरी यांनी १९६८ साली केलेला गांधीजींवरचा माहितीपट पाच तासांहून लांब आहे, आणि तो एका बैठकीत दाखवायचा, असा कार्यकारिणीने ठराव केला. सकाळी सुरू झालेली सभा ‘जरा थांबवा’च्या कृपेने दुपार उलटली तरी दांडीपर्यंत पोहोचली नाही आणि बापूंचे उपोषण आम्हालाही घडले. त्यानंतर त्यातला एकच निवडक भाग लावायचे ठरले.

नोव्हेंबरातल्या वारसा सप्ताहासाठी ‘सुरभि’ होती. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांचा हा कार्यक्रम १९९० साली सुरू झाला, आणि त्याच्या प्रश्नमंजूषेला पोस्टकार्डांचा इतका पूर आला की टपाल खात्याने स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढले. जुने भाग पाहताना आमची थोरली मंडळी आपण पाठवलेल्या उत्तरांची आणि न लागलेल्या बक्षिसांची आठवण काढत. विणकर वा कुंभार यांच्यावरचा तुकडा लागला की तोच व्यवसाय केलेले सभासद पुढे सरसावून निवेदनातल्या उणिवा काढत. ‘असा ताणा कोणी लावत नाही’, हे वाक्य एका विणकर आजोबांनी इतक्यांदा उच्चारले की पुढे ते उभे राहण्याआधीच सभा ते म्हणून मोकळी होई.

आता व्हीसीआर कपाटात गेला आहे, दूरदर्शनचे जुने साहित्य मोबाइलवर सापडते आणि सभेला लॅपटॉप पुरतो. कार्यवाह बदलले, नियम मात्र तोच राहिला. गेल्या संविधान दिनी बेनेगल यांच्याच २०१४ सालच्या ‘संविधान’ या दहा भागांच्या मालिकेतला एक भाग लावला होता. बाबासाहेबांच्या भूमिकेतले सचिन खेडेकर बोलायला उठले आणि त्याच क्षणी महाविद्यालयातल्या एका मुलीने हात वर करून थांबवायला सांगितले. संविधान सभेत स्त्रिया किती होत्या, हे तिला हवे होते. पंधरा, असे कोणी सांगितले. मग नावे निघाली, हंसा मेहता, दुर्गाबाई देशमुख, दाक्षायणी वेलायुधन. आणि एकेकीविषयी माहिती देण्यासाठी जो तो उभा राहू लागला. खेडेकर तसेच उभे राहिले. वीज जाण्याची वेळ झाली तेव्हा अध्यक्षांनी उरलेला भाग पुढच्या रविवारी दाखवण्याचे जाहीर केले. त्या रविवारी तो सुरू होण्याआधीच दुर्गाबाईंवर टिपणे काढून आलेल्या दोघांनी वेळ मागून घेतला.