दुपारची फुली

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात मी दोन विषय शिकवते. सकाळी साक्षरता शिक्षण, दुपारी प्रारंभिक गणित. वर्ग तोच, बाकं तीच, पुढे शिक्षक होऊ घातलेली मुलंमुलीही तीच. सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये बदलायचे ते मीच, पण हे मला कुणी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. सांगितलं एका विद्यार्थिनीने. बाई मधे बरीच वर्षं शिक्षण सोडून परत आलेल्या, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान, म्हणून आमच्यात दोन्हीकडून ‘तुम्ही’च.

त्या आठवड्यात सकाळच्या तासाला वाचन-नोंद चालू होती. मूल मोठ्याने वाचतं आणि ऐकणारा शब्दागणिक खूण करत जातो. बरोबर शब्दाला टिक. चुकला तर रेघ मारून वर मुलाने म्हटलेला शब्द, खाली छापलेला. मूल स्वतःहून सुधारलं तर त्याची खूण वेगळी. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रुजवलेली ही पद्धत. खरं काम वाचन संपल्यावर सुरू होतं. ‘मुलं नदीकडे धावली’ असं छापलेलं असताना एकाने ‘पाण्याकडे धावली’ वाचलं आणि दुसऱ्याने ‘नादीकडे धावली’, तर दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिला अर्थ धरून चाललाय, अक्षरांकडे त्याचं लक्ष नाही. दुसरा अक्षरांना चिकटून आहे, अर्थ हातचा सुटलाय. वाचनाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ गुडमन तर अशा वाचनाला चूक हा शब्द वापरायलाही राजी नव्हते. वाचणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते पाहायची ती खिडकी, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं मी फार रंगून शिकवते. त्या बाईंच्या नोंदी वर्गात सगळ्यांत बारीक असायच्या.

गणितात मात्र त्यांचं जेमतेम. चाचणीत वीसपैकी सात.

पेपर वाटले त्याच दिवशी, दुपारचा तास संपल्यावर, त्या केबिनमध्ये आल्या. मला वाटलं, गुण वाढवून मागणार. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला, वर एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, “मॅडम, मी वाचते. तुम्ही सकाळसारखी नोंद घ्याल?”

प्रश्न असा होता: ‘एका संस्थेत दर प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व आणि प्राध्यापकांची संख्या प मानून समीकरण लिहा.’ त्यांनी लिहिलं होतं 6व = प. मी फुली मारली होती, शेजारी शून्य. उत्तर व = 6प. प्राध्यापक दहा असतील तर विद्यार्थी साठ. त्यांच्या समीकरणाने दहा प्राध्यापकांना विद्यार्थी पावणेदोनही येत नाहीत.

या चुकीची मला चांगली ओळख होती. 1981 मध्ये अमेरिकेत तीन संशोधकांनी असाच प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या 150 विद्यार्थ्यांना घातला तेव्हा 37 टक्के चुकले, आणि बहुतेकांनी नेमकं हेच उलटं समीकरण लिहिलं. इंग्रजी वाक्यात ‘सहापट’ हे शब्द ‘विद्यार्थी’ला खेटून येतात, मुलं डावीकडून उजवीकडे उतरवून काढतात, असं एक कारण सांगितलं जातं. मला त्यावरून उगीचच बरं वाटायचं. आपल्याकडे ‘विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या सहापट’ म्हटलं की सहा आपोआप प्राध्यापकांच्या शेजारी जाऊन बसतो. भाषेनेच निम्मं काम केलं. फक्त पेपर काढताना मी ते वाक्य वापरलंच नव्हतं. ‘दर प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ लिहून मी त्या सहाला परत विद्यार्थ्यांच्या पदरात टाकलं होतं.

बाईंनी प्रश्न वाचला, एकही शब्द न चुकता. मी शब्दाशब्दाला टिक करत गेले. मग म्हटलं, “आता तुमचं समीकरण वाचा.”

“सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक.”

“इथे ‘मागे’ कुठे लिहिलंय?”

त्यांनी बरोबरच्या चिन्हावर बोट ठेवलं.

माझं पेन हवेतच राहिलं. मी समजावायला सुरुवात केली, की व म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या. त्या ऐकून घेत होत्या, पण पटत नव्हतं. मग त्यांनी वही उघडली, सत्रातल्या दुसऱ्या की तिसऱ्या तासाचं पान काढलं. माझ्याच फळ्यावरून उतरवलेलं: 100 सेंमी = 1 मी.

“हे बरोबर असेल तर 6व = 1प चूक कसं?”

मला उत्तर लगेच सुचलं नाही. हे मी इथे कबूल करते, कारण त्या वेळी मी पाण्याचा घोट घेण्याचं नाटक केलं होतं. ‘100 सेंमी = 1 मी’ हे वाक्य इतक्यांदा लिहिलं होतं की त्यातली अक्षरं संख्या नाहीत, एककांची नावं आहेत, याकडे कधी बघितलंच नव्हतं. मी कागदावर एक दोरी काढली. तीन मीटर लांब. सेंटीमीटरमध्ये किती? 300. आता सेंटीमीटरांची संख्या स, मीटरांची संख्या म, लिहा समीकरण. त्यांनी सवयीने 100स = म लिहिलं, स च्या जागी 300 टाकून पाहिले, तीस हजार आले. थांबल्या. खोडलं. स = 100म.

“म्हणजे दोन्ही खरी, आणि एकमेकींच्या उलटी?” त्या म्हणाल्या. “हे तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतंत.”

नव्हतंच सांगितलं.

उठता उठता त्या आणखी एक बोलून गेल्या. रागाने नाही, पण बोचेल असंच. “सकाळी तुम्ही चुकीला खिडकी म्हणता मॅडम, आणि दुपारी तिच्यावरच फुली मारता.”

गुण मी वाढवले नाहीत. समीकरण चुकीचं ते चुकीचंच. फुलीवर रेघ ओढून तिच्या वर मात्र लिहिलं: ‘एकक म्हणून वाचलं.’

दुसऱ्या दिवशी दुपारी शिकवायचं ते बाजूला ठेवून वर्गात जोड्या लावल्या. अ‍ॅन न्यूमन या ऑस्ट्रेलियन शिक्षिकेने 1977 मध्ये गणिताच्या चुका तपासायला पाच पायऱ्या मांडल्या होत्या: प्रश्न वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कसं सोडवणार ते सांग, सोडवून दाखव, उत्तर लिही. तिला सापडलेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या आकडेमोडीला हात घालण्याआधीच होऊन गेलेल्या होत्या. हे मी दरवर्षी सांगते. करवून कधीच घेतलं नव्हतं.

प्रश्न साधा दिला. ‘माझ्याकडे 12 वह्या आहेत. त्या तुझ्याकडच्या वह्यांपेक्षा 5 ने कमी आहेत. तुझ्याकडे किती?’ बऱ्याच जणांनी खट्‌कन सात म्हटलं. का? तर ‘कमी’ दिसलं. ‘कमी दिसलं की वजाबाकी’ हा तक्ता सराव पाठासाठी त्यांनीच करून भिंतीवर लावला होता. सकाळी हीच मंडळी पहिलं अक्षर पाहून पुढचा शब्द ठोकणाऱ्या मुलांबद्दल हळहळत असतात. एकाच्या लक्षात आलं, तो उठला आणि तक्त्याकडे बघत म्हणाला, “अंदाजपंचे दाहोदरसे.” वर्ग हसला. तक्ता मी काढायला लावला नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी आपणच काढला.

त्या रात्री सगळे पेपर परत घेऊन बसले. या वेळी जे कळेना त्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि ज्याचा त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणं. ‘दर प्राध्यापकामागे’च्या ऐवजी ‘सहापट’वालं वाक्य देऊनही तीन-चार जणांनी उलटंच लिहिलं, तेव्हा माझा भाषेचा गर्वही बऱ्यापैकी उतरला.

बरोबर उत्तरांकडे वळायचं मनात नव्हतं. तिथे वाचायला काय असणार? पण एका मुलाचा पेपर चुकून त्या गठ्ठ्यात आला होता. व = 6प, सुंदर अक्षरात. तो समोर आलाच होता, म्हणून म्हटलं, वाच.

“सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक,” त्याने वाचलं.

“मग सहा प च्या पुढे का?”

“या प्रकारात जे वाटतं त्याच्या उलट लिहायचं असतं ना, मॅडम.”

त्याला मी पूर्ण दोन गुण दिले होते.