खाकी हॅवरसॅक: बकलं साफ, तिसरा डाग अजून हट्टाला पेटलेला

जुन्या कॅनव्हासच्या हॅवरसॅकचा, म्हणजे खांद्यावर अडकवायच्या पिशवीचा, गंज काढायला घेतला. पहिला दिवस. दोन लोखंडी बकलं, चार पितळी आयलेट (भोकांच्या कड्या), एक लोखंडी रिव्हेट (ठोकून बसवलेली खिळी). पट्ट्यावर रुपयाएवढे गंजाचे तीन डाग.

बकलं सुटी करून आधी कोरड्याच ब्रशने पोपडे झाडले. ओलं घासलं की गंजाची भुकटी कापडात मुरते. मग प्लास्टिकच्या डब्यात लिटरभर पाणी, ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, अडीच तास. रात्रभर ठेवू नका. गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं, बुडबुडे दिसले की बाहेर. पितळ त्याच डब्यात टाकलं तर लोखंडावर तांब्याचा गुलाबी थर चढतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, पुसून, लगेच हेअर ड्रायर. जरा ओलं राहिलं की केशरी झाक परत हजर. तेल कापडावर उतरतं, म्हणून गरम बकलावर मेण फिरवलं.

दुसरा दिवस, डाग. जुनी खाकी बऱ्याचदा खनिज रंगाची असते, म्हणजे लोखंड आणि क्रोमियमच्या ऑक्साइडची. डागही लोखंडाचा, रंगही लोखंडाचा. आम्लाला फरक कळत नाही. आतल्या शिवणीवर आम्लाच्या पाण्याचा थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा. कापड फिकट-हिरवट पडलं तर तिथेच थांबायचं, डाग परवडला. इथे रंग हलला नाही.

आधी २० ग्रॅम लिंबूसत्त्व लिटरभर कोमट पाण्यात, कापसाचा बोळा डागावर, खाली जुना सोलापुरी टॉवेल. वीस मिनिटांच्या तीन फेऱ्यांत दोन डाग गेले. तिसऱ्याला ऑक्झॅलिक आम्ल, लिटरला १० ग्रॅम. हे विषारी, हातमोजे हवेतच आणि भांडं स्वयंपाकघरातलं नको. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात ते लगेच गढुळतं, कॅल्शियम ऑक्झॅलेटची पांढरी भुकटी विणीत अडकते. एसीच्या नळीखाली बादली ठेवा, ते पाणी उत्तम.

काम सावलीतच. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात बोळ्याची कड बघता बघता सुकते, आम्ल तिथे दाट होतं आणि सुताचा दम जातो. शेवटी तीन पाण्यांतून खळबळून काढलं, चौथ्यात चिमूटभर सोडा. ब्लीचचं नाव काढू नका, डाग पक्का होतो. चिंच पितळेपुरती ठीक. कॅनव्हासवर स्वतःचाच डाग सोडते.

तिसरा डाग फिकटला, पण गेला नाही, कारण तो रिव्हेटच्या वायसरखालून झिरपतोय. आधी रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवून पितळी बसवायचा, मगच पुढची फेरी.