माइकशोध, नोंद ४ : गळा हलत नाही, गिटार हलते

८ मार्च

मी घरच्या घरी गाणं आणि गिटार रेकॉर्ड करतो. मागच्या नोंदीत ठरवलं होतं की जुना माइक काढायचा आणि एकच नवा घ्यायचा, गाण्यालाही तोच, गिटारलाही तोच. दोन माइकचं बजेट नाही, आणि दुसरा स्टँड उभा केला तर कपाटाचं दार उघडत नाही.

जुन्याचं नाव घेत नाही. स्वस्तातला कंडेन्सर (विजेचा भार दिलेल्या पातळ पडद्यावर आवाज टिपणारा माइक), चार वर्षं इमानेइतबारे राबला. पण गेल्या पावसाळ्यापासून मधूनच चणे भाजल्यासारखा तडतडतो. कंडेन्सरमधला पडदा आणि त्यामागची प्लेट यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहून कमी असतं. तिथे ओल धरली की विजेचा भार गळतो आणि ऐन समेवर हेडफोनमध्ये फट्‌ असा आवाज येतो. मी त्याला वर्षभर उघड्यावर, स्टँडवरच ठेवला होता, वर नुसता रुमाल. चूक माझीच.

उमेदवार चार. शुअर एसएम५७ तबलेवाल्या मित्राकडून उसना. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० ऑफिसातल्या पॉडकास्टवाल्याचा. रोड एनटी१, पाचव्या पिढीचा, आणि नॉयमन टीएलएम १०३ हे दोन भाड्याने, एका शनिवार-रविवारपुरते. नॉयमन घ्यायची ऐपत नाही. पण चौकडीत एक मोठ्या घरचा असला की बाकीच्यांची उंची कळते.

२२ मार्च

माइक यायच्या आधी खोली. आमची बेडरूम १० बाय ११ फूट, पुण्यातल्या कुठल्याही टू बीएचकेमधली दुसरी बेडरूम असते तशी. गिटारची ए तार, म्हणजे पाचवी, मोकळी वाजवली की रेकॉर्डिंगमध्ये ढूम्म. बाकी तारा शहाण्यासारख्या वागतात, हीच एक अंगावर येते. दोन वर्षं मी याचा दोष गिटारला देत होतो.

मग टेप घेऊन बसलो. १० फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर एवढ्या रुंदीच्या खोलीत पहिली उभी लहर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर) ५६ हर्ट्झला आणि दुसरी ११२ हर्ट्झच्या आसपास. मोकळी ए तार ११० हर्ट्झची! शिवाय गिटारच्या पोकळीचा स्वतःचा घुमाराही साधारण १०० च्या आसपासच असतो. आणि मी बसत होतो खोलीच्या बरोब्बर मध्ये, जिथे या दुसऱ्या लहरीचा दाब सगळ्यात जास्त. तिचा दाब सगळ्यात कमी असतो तो रुंदीच्या पाव अंतरावर, म्हणजे भिंतीपासून अडीच फुटांवर. स्टूल तिकडे सरकवलं, माइकही त्याच रेषेत आणला. ढूम्म निम्म्याहून जास्त गेला. खर्च शून्य.

भिंत जवळ आली म्हणून तिच्यावरून परतणारा आवाज वाढला, तो गोधडीने आवरला. आजीच्या नऊवारी लुगड्यांची जाड गोधडी आहे, दोन खिळ्यांवर टांगली, भिंतीपासून चार बोटं पुढे. फोमच्या पातळ चौकटींपेक्षा ती कितीतरी बरी. मात्र गोधडी वरचे सूर खाते, ११० हर्ट्झला तिचा पत्ताही लागत नाही. खालच्यासाठी जागा बदलणं हाच उपाय, नाहीतर रॉकवूलचे हातभर जाड पॅनेल. ते आले की मी घराबाहेर.

५ एप्रिल

आकड्यांबद्दल थोडं. सेल्फ नॉइज, म्हणजे माइकची स्वतःची सरसर, कागदावर अशी : एनटी१ ला ४ डेसिबल, टीएलएम १०३ ला ७, एटी२०२० ला २०. आकडे बघून मीही आधी हुरळलो होतो. मग रात्री दोन वाजता पंखा बंद करून फोनच्या ॲपवर खोली मोजली, ३० च्या घरात. ॲप काही प्रयोगशाळा नव्हे, पण अंदाज येतो. खोलीच इतकी बोलत असेल तर ४ आणि ७ मधला फरक ऐकणार कोण? २० मात्र अगदीच दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण खोलीचा आवाज खालच्या पट्टीतली घरघर असते आणि माइकची सरसर वरच्या पट्टीत. हळुवार फिंगरपिकिंगवर (बोटांनी एकेक तार छेडणं) कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे-बारीक आवाज जवळ आणणारा इफेक्ट, लावला की एटी२०२० ची सरसर जाणवते. स्ट्रमिंगमध्ये नाही, गाण्यात तर मुळीच नाही.

डायनॅमिक माइक (एसएम५७ सारखा, चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) खोलीचा आवाज घेत नाही असं आपल्यात सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते हा गैरसमज. त्याला तोंडाजवळ धरावं लागतं, म्हणून खोली कमी येते. एसएम५७ सुद्धा फूटभर लांब ठेवला की गोधडीआडची भिंत व्यवस्थित ऐकतो. शिवाय संवेदनशीलता एसएम५७ ची -५६ डेसिबल आणि एटी२०२० ची -३७, म्हणजे गेनचं, माइकचा आवाज वाढवणारं, बटण १९ डेसिबल जास्त पिळायचं. माझ्या जुन्या इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) तेवढ्यात त्याचीच सरसर वर येते.

१२ एप्रिल, शनिवार

पुण्यातला एप्रिल आणि पंखा बंद. दर दोन टेकनंतर टॉवेल.

चाचणीसाठी एक ओळ तयार केली : "चाळीतल्या फणसाच्या झाडाखाली भरभरून सावली." हसू नका. इंग्रजी रिव्ह्यू ऐकून माइक घेणाऱ्यांनी हे जरूर करावं. आपला 'चाळी'तला च आणि 'झाडा'तला झ दातांवर घासून येतात. 'चहा'तला च तसा नाही. हे दंततालव्य उच्चार माइकवर 'स'इतकेच टोचतात, आणि कॅलिफोर्नियातल्या यूट्यूबवाल्याच्या गाण्यात ते यायचं कारणच नाही. फ आणि भ तर थेट पडद्यावर फुंकर घालतात. त्यासाठी पॉप फिल्टर चार बोटं पुढे ठेवला. बायकोच्या भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणलेला, तोच. माइक ओठांच्या थोडा वर, किंचित तिरका.

इंटरफेसला दोनच इनपुट, म्हणून माइक दोन-दोन शेजारी बांधून टेक घेतले. सगळ्या फाइल्स रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एकाच लाउडनेसला आणल्या. ही पायरी गाळू नका. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा माइक कानाला लगेच 'चांगला' वाटतो, आणि आपण त्या दोन डेसिबलचे वीस हजार मोजून येतो. फाइलींची नावं बायकोने दिली : वांगं, भोपळा, कारलं, दोडका. कोण कोण ते फक्त तिलाच ठाऊक.

मी छातीठोकपणे सांगितलं, दोडका म्हणजे नॉयमन. काय तो मऊपणा, काय ते वजन! पहिला क्रमांक भोपळ्याला, दुसरा दोडक्याला, कारलं शेवटी. आईला स्वयंपाकघरातून बोलावलं. तिने पदराला हात पुसत चारही ऐकले आणि म्हणाली, "वांगं रेडिओसारखं लागतंय रे. आणि या कारल्यात तू दातांतून गातोयस."

चिठ्ठी उघडली. दोडका एटी२०२०. वांगं एसएम५७. भोपळा एनटी१. आणि दातांतून गाणारं कारलं म्हणजे नॉयमन.

दोष नॉयमनचा नाही. टीएलएम १०३ ला ५ किलोहर्ट्झच्या वर मुद्दाम चार डेसिबलचा उठाव दिलेला आहे, मिक्समध्ये गळा पुढे यावा म्हणून. ज्याचा आवाज जड, घोगरा, त्याला ते वरदान. माझा गळा मुळात पातळ आणि माझा स सहा-सात किलोहर्ट्झला शिट्टी मारतो. उठाव नेमका तिथेच. एनटी१ त्या भागात बराच सपाट, म्हणून माझं व्यंग झाकलं जातं.

१३ एप्रिल, रविवार

आज गिटार. दुपारी अडीचला लाइट गेली. इंटरफेस इन्व्हर्टरवर टाकला तर हेडफोनमध्ये भुंगा. मग लक्षात आलं, इंटरफेस यूएसबीवरच चालतो. लॅपटॉपचा चार्जर काढला, सगळं बॅटरीवर आलं आणि भुंगा गेला. त्यात फ्रिज बंद, शेजाऱ्यांचा एसी बंद, सोसायटीचा पंप बंद. या घरातली आजवरची सगळ्यात शांत चाळीस मिनिटं. फँटमचे (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचे) ४८ व्होल्ट मात्र चालू होते. आणि ते ४८ मुळात आले कुठून, तर लाइट गेल्यावरच्या दिव्यांवरून. १९६६ साली नॉर्वेच्या सरकारी रेडिओला नॉयमनचे नवे ट्रान्झिस्टरवाले माइक हवे होते, आणि त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तोच आकडा पुढे जगभर रुळला.

बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), दहा इंचांवर, नॉयमन सरळ पहिला. तारेवर नखाचा स्पर्श, त्यामागून लाकूड, दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. काल टोचलेला तोच उठाव इथे चमक होऊन आला. एनटी१ त्याच जागी थोडा सुस्त. एसएम५७ स्ट्रमिंगला छान, फिंगरपिकिंगला कोरडा.

मग एनटी१ हलवायला लागलो. भोकासमोर नेला तर नुसता घुमारा, तिथे कुणीही माइक लावू नये. बाराव्या फ्रेटवरून दोन इंच गिटारच्या हेडकडे सरकवला आणि माइकचं तोंड किंचित गिटारची मान जिथे जोडलेली असते त्या सांध्याकडे वळवलं : चमक आली. तारा बदलल्या, अजून आली. सहाव्या प्रयत्नाला नॉयमनमधला आणि यातला फरक मला डोळे मिटून सांगता येईना. बायकोने चार वेळा विचारलं, मी दोनदा चुकलो.

इथेच निर्णय झाला. गिटारसाठी माइक दोन इंच इकडेतिकडे केला की गिटार बदलते. गळ्यासाठी मी फूटभर सरकलो, तिरका झालो, तरी शिट्टी थोडी कमी झाली एवढंच, गेली नाही. म्हणून माइक गळ्याला विचारून घ्यायचा आणि गिटारला जागा शोधून द्यायची. याच्या उलट मी वर्षभर करत होतो, गिटारचे व्हिडिओ बघून माइकची यादी बनवत होतो.

पण ज्यांना गाता गाता वाजवायचं आहे, दोन्ही एकाच टेकमध्ये, त्यांच्यासाठी हे पुरेसं नाही. त्यांनी फिगर-एट पॅटर्नचे, म्हणजे पुढून आणि मागून ऐकणारे, दोन माइक बघावेत. त्यांच्या कुशी बहिऱ्या असतात. एकाची कूस गिटारकडे, दुसऱ्याची तोंडाकडे ठेवली की दोघं बऱ्यापैकी सुटे होतात. मी आधी गिटार, मग गळा असं वेगवेगळं घेतो.

३ मे

एनटी१ आला. पहिल्याच टेकमध्ये मागे कुकरची तिसरी शिट्टी, अगदी स्वच्छ, स्टुडिओ क्वालिटी.

१४ जून

पाऊस लागला. गेल्या वर्षीचा धडा लक्षात आहे. रोज काम झालं की माइक सुकू द्यायचा, मग हवाबंद स्टीलच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. कढई वेगळी ठेवलीये, स्वयंपाकाची नाही. डबा मिळाला तो आईच्या फडताळातला, तीन किलोवाला. त्यावर तिने कागद चिकटवलाय : "रवा नाही. उघडू नये."