फ्लो आणि फ्लुएंट: वहीतलं एक कुटुंब फुटलं

मंडळी, व्युत्पत्तीच्या वहीत या महिन्यात एकच पान झालं, तेही खाडाखोड करून.

'वाहणे'च्या पानावर मी लॅटिनच्या फ्लुएरे या क्रियापदाचं गोत मांडलं होतं. फ्लुएंट, फ्लुइड, इन्फ्लुअन्स, इन्फ्लुएंझा. ज्याच्याकडे पैसा वाहत येतो तो ॲफ्लुएंट, कारखान्यातून जे वाहत बाहेर पडतं ते एफ्लुएंट. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, घरातला कर्ता म्हणून, फ्लो. अर्थ तोच, फ आणि ल तेच. शंका कसली घ्यायची?

परवा सहज कोश उघडला, तर फ्लो लॅटिनचा नाहीच. जुन्या इंग्रजीतल्या फ्लोवानवरून आलेला, अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेतला. बरं, लांबचा चुलतभाऊ तरी? तेही नाही.

इथे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 साली मांडलेला नियम आडवा येतो. मूळचा, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामायिक पूर्वज भाषेतला, प जर्मानिक भाषांत फ होतो: पितृ–फादर, पाद–फूट. लॅटिनमध्ये तो पच राहतो, पातेर. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा फ मात्र मूळच्या भ किंवा ध चा: भ्रातृ–फ्रातेर, धूम–फूमुस. फ्लुएरेतला फ हा भ-वाला, फ्लोतला प-वाला. म्हणजे फ्लोचा लॅटिन भाऊ शोधायचा तर प पासून. आणि तो आहे! प्लुएरे, पाऊस पडणे. संस्कृतात तोच प्लु: आप्लावित, आणि आपली मंडूकप्लुती. बेडकाची उडी आणि नळाचा फ्लो एकाच घरचे निघाले, याचा मला दिवसभर आनंद पुरला.

फ्लडही फ्लोच्याच घरातला. त्याच्यासमोर मी उत्साहात 'पूर' लिहून ठेवला होता, तोही खोडला. पूर हा भरण्याचा, त्याचा इंग्रजी नातलग फुल. नदी दुथडी भरते तेव्हाच आपण पूर आला म्हणतो, हे लिहिताना सुचायला हवं होतं.

फ्लोला आता वेगळं पान दिलंय. पुढचा नंबर खुद्द 'वाहणे'चा. वह् धातूखाली व्हेइकल आणि वॅगन येऊन बसलेत, पण या खेपेला पेन्सिलीने लिहितोय.