सैल झालेला लेन्स माउंट: दुरुस्तीची आतापर्यंतची नोंद

पडल्यामुळे माउंट (बॉडीवरचे, लेन्स ज्यावर बसते ते कडे) सैल झालेली, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची एक डीएसएलआर (आतल्या आरशावरून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची) बॉडी सध्या दुरुस्तीला घेतली आहे. माउंट कॅननच्या ईएफ प्रकारचा आहे. शटर आणि सेन्सर शाबूत आहेत, परंतु लेन्स लावून तिला हलका दाब दिला की माउंटच्या कड्याची एक बाजू बॉडीपासून उचलली जाते. असा कॅमेरा हातात आला की समोर दिसणारे चार स्क्रू आवळावेत, असेच प्रथम मनात येते. माझे मत मात्र वेगळे आहे. ढिलाई नेमकी कुठे आहे हे ठरल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावू नये, कारण आवळल्यावर माउंट काही काळ घट्ट वाटतो खरा, पण मूळ बिघाडाची खूण त्याबरोबर पुसली जाते.

लॉकच्या खिळीला खाचेत थोडी मोकळीक ठेवलेलीच असते, त्यामुळे लेन्स फिरवण्याच्या दिशेने किंचित हलली तर तो दोष मानू नये. ती वर-खाली किंवा आडवी डुलत असेल, तर मात्र तीन जागा तपासाव्या लागतात: लेन्सच्या मागच्या कड्याचे स्क्रू, लेन्सचे दाते आतून खेचून धरणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगा आणि माउंटचे स्क्रू ज्यांत बसतात ते मिररबॉक्सचे (आरसा बसवलेल्या आतल्या चौकटीचे) खांब. दुसरी लेन्सही तशीच डुलली, तेव्हा लेन्सवरचा संशय गेला. भिंगातून पाहिल्यावर लेन्स आणि कडे एकमेकांना चिकटून, एकत्रच हलताना दिसले, म्हणजे स्प्रिंगाही ठीक होत्या. उरले ते खांब.

येथे किती अचूकता लागते ते आकड्यांतच पाहिलेले बरे. ईएफ प्रकारात माउंटच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी असते (निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी, तर सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी). एपीएस-सीसाठी ०.०२ मिमीचे धूसरतावर्तुळ (बिंदू पसरूनही स्पष्टच वाटतो ती कमाल रुंदी) धरले, तर एफ/१.८ वर, म्हणजे छिद्र मोठे असताना, सेन्सरपाशी मागेपुढे प्रत्येकी सुमारे ०.०३६ मिमी एवढीच सूट मिळते. एफ/८ वर, म्हणजे छिद्र लहान असताना, ती ०.१६ मिमी होते. म्हणूनच छिद्र लहान ठेवून घेतलेल्या छायाचित्रांत तिरका माउंट बराच काळ लपून राहू शकतो.

उघडण्यापूर्वी बॅटरी काढली. अंगचा फ्लॅश असलेल्या बॉडीचे पुढचे आवरण काढायचे असेल, तर फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा भार शिल्लक असू शकतो, हे गृहीत धरूनच काम करावे आणि तो रोधकातून उतरवून घ्यावा. स्क्रूसाठी जपानी जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरला, कारण साधे फिलिप्स टोक त्या खाचेत पूर्ण बसत नाही आणि निसटून खाच गोल करते. काही बॉडींत माउंटखाली पातळ शिम (उंची जुळवणाऱ्या चकत्या) असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. या बॉडीत ते नव्हते. एका खांबातले आटे गेलेले होते आणि त्याच्या बुंध्याशी उभी चीर पडलेली होती.

चीर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सावकाश सुकणारे इपॉक्सी भरले. स्क्रूला ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन तो इपॉक्सीतच बसवला, म्हणजे सुकताना नवे आटे साच्यासारखे उमटतात आणि स्क्रू पुन्हा काढता येतो. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद येथे टाळावा, कारण त्याच्या वाफेचा पांढरा थर आरशावर आणि फोकसिंग स्क्रीनवर बसतो. थ्रेडलॉकरही (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) प्लॅस्टिकच्या खांबात नकोच. पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात. इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळले.

त्यानंतरची चाचणी मला दुरुस्तीइतकीच महत्त्वाची वाटते. भिंतीवर सपाट आरसा चिकटवून त्यात लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आणले, की सेन्सर भिंतीला समांतर होतो. मग आरशाच्या जागी बारीक छपाईचा कागद लावून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये (सेन्सरवरचे चित्र थेट पडद्यावर पाहत) मध्यावर फोकस केला. चित्राचा वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा मऊ आला. फोकस किंचित जवळ आणल्यावर वरचा उजवा सुधारला आणि खालचा डावा आणखी बिघडला. दोन्ही लेन्सवर हेच घडले, म्हणजे माउंट तिरका होता. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे, कॅमेऱ्यामागून पाहता, माउंटची खालची डावी बाजू आत दबलेली असणार, आणि दुरुस्त केलेला खांब नेमका तिथेच आहे. त्या स्क्रूपाशी ०.०२ मिमीची पितळी शिम घातल्यावर चारही कोपरे जवळजवळ सारखे झाले. सेन्सरच्या बाजूचे समायोजन मी मुद्दाम हलवलेले नाही. सेन्सर जागचा हललेला नसताना त्याला माउंटशी जुळवू लागलो, तर संदर्भाला एकही पृष्ठभाग उरत नाही.

आता व्ह्यूफाइंडरमधून होणारा ऑटोफोकस आणि लाइव्ह व्ह्यूचा फोकस यांची तुलना करायची आहे, कारण व्ह्यूफाइंडरच्या ऑटोफोकससाठी लागणारा फेज-डिटेक्शनचा संवेदक मिररबॉक्सच्या तळाशी असतो आणि धक्का त्यालाही बसला असण्याची शक्यता आहे. ती तुलना होईपर्यंत या बॉडीवर हलकी प्राइम (झूम न होणारी) लेन्सच लावणार आहे. जड झूमची पाळी त्यानंतर, आणि तीही लेन्सला खालून आधार देऊनच.