रखमाबाईंची माहितीचौकट

मराठी चरित्रलेखनात माणूस साधासुधा जन्माला येत नाही. त्याचा जन्म 'सुसंस्कृत कुटुंबात' होतो, वाचनाची आवड त्याला 'बालपणापासूनच' असते, घरी गरिबी असली तर ती अठराविश्वेच असते, आणि अखेरीस तो मरत नाही, त्याची प्राणज्योत मालवते. गौरवग्रंथ, स्मरणिका आणि जन्मशताब्दी विशेषांक यांवर माझा पिंड पोसलेला, त्यामुळे मला यात काही खटकायचं कारणच नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईवर प्रबंध लिहिला, तोच काळ वर्षानुवर्षं वर्गात शिकवला, तरी 'थोर' हा शब्द बोटांतून आपसूक उतरायचा. मराठी विकिपीडियावर संपादन शिकायला बसले तेव्हा ध्यानात आलं, की 'थोर' काढला तरी वाक्य पडत नाही. उलट बरेचदा ताठ उभं राहतं.

शिकवणारा आमच्याच कॉलेजातला एक जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारा हा मुलगा रात्र रात्र जागून जिल्ह्यांची आणि नद्यांची पानं दुरुस्त करत असेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. "मॅडम, आधी धूळपाटीवर लिहा," तो म्हणाला. धूळपाटी म्हणजे सरावाचं पान, तिथे कितीही खाडाखोड करा, कोणाचं काही बिघडत नाही. शब्दाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन चौकोनी कंस घातले की दुवा तयार होतो. चर्चापानावर शेवटी चार नागमोडी रेघा काढल्या की त्या जागी आपलं सदस्यनाव आणि वेळ उमटते. सगळ्यांनी मिळून बोलायचं ते चावडीवर, आणि शुद्धलेखनासारखी एकसुरी कामं उपसणाऱ्या आज्ञावलीचं नाव सांगकाम्या. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना माझे शंभरपैकी शंभर.

सदस्यनाव घेतलं आणि माझी पदवी, अनुभव, शोधनिबंध सगळं दाराबाहेर राहिलं. एका अनोळखी संपादकाने चर्चापानावर पहिलाच निरोप लिहिला तो 'नमस्कार सर' असा. मी तो दुरुस्त केला नाही. चित्रावशास्त्र्यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे चरित्रकोशाचे तीन खंड केले, केतकरांनी ज्ञानकोश उभा केला, तेव्हा त्या नावांवरच वाचकाचा विश्वास असायचा. इथे कण्यावर छापायला नावच नाही. त्याऐवजी प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाची एक कळ आहे. ती दाबली की कोणी, कुठल्या मिनिटाला, कुठला स्वल्पविराम हलवला ते सगळं दिसतं. इतिहासाच्या माणसाला याहून मोठी मेजवानी नाही. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं कमी आणि हे इतिहासच जास्त वाचले.

सरावासाठी मी रखमाबाई घेतल्या: सासरी नांदायला नकार देऊन कोर्टात लढलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या. खटल्याची कागदपत्रं माझ्या अभ्यासातली, तेव्हा हे काम हातचा मळ असेल असा माझा अंदाज. थोडक्यात सांगायचं तर १८६४ साली मुंबईत जन्म, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लग्न, आणि पुढे सासरी नांदायला ठाम नकार. दादाजींनी १८८४ साली कोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

आता हे पानावर मांडायचं. उजव्या हाताला माहितीचौकट असते: नाव, जन्म, मृत्यू, शिक्षण, पेशा. पहिल्याच ओळीला अडले. जालावर जिथे तिथे 'रखमाबाई राऊत'. राऊत हे डॉ. सखाराम अर्जुन यांचं आडनाव, आणि ते रखमाबाईंचे सावत्र वडील. जन्मदाते जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणीच वारले, मग आई जयंतीबाईंनी सखाराम अर्जुनांशी पुनर्विवाह केला. बाई स्वतः सही करत ती नुसती 'रखमाबाई'. ज्या बाईने नवऱ्याचं नाव लावायला हायकोर्टापर्यंत नकार दिला, तिला आपण शे-सव्वाशे वर्षांनी बसल्या जागी एक आडनाव जोडून टाकतो, कारण चौकटीत तशी जागा असते. पण वाचक शोधणार ते 'राऊत' घालूनच. विद्यार्थ्याने तोड सुचवली: त्या दुसऱ्या नावाचा शोध मूळ पानाकडे वळवता येतो. म्हणजे बाईंचं नावही राहतं आणि वाचकही चुकत नाही.

पुढचा अडसर असा, की इंग्रजीत चरित्र लिहिणाऱ्याच्या तो कधी स्वप्नातही येणार नाही. तटस्थपणे लिहा, हा विकिपीडियाचा मूळ नियम. पण मराठीत क्रियापद लावलं की पक्ष घेतला. 'दादाजीने दावा लावला' की 'दादाजींनी'? माझ्या मनात तो कायम 'दादाजीने'च होता, आणि रखमाबाई मात्र 'त्या'. एका अनुस्वारात निकाल लागतो, न्यायमूर्तींची गरजच काय! नियमाने दोघांनाही आदरार्थी बहुवचन द्यायला हवं, दिलंही. पण मग लग्नाच्या वाक्याशी आले. अकरा वर्षांची पोर. 'त्यांचा विवाह झाला' म्हटलं की डोळ्यांपुढे नऊवारीतली पोक्त बाई येते आणि बालविवाहातला बाल तेवढा नाहीसा होतो. 'तिचं लग्न लावून दिलं' म्हणावं तर पुढच्याच ओळीत 'त्यांनी नकार दिला' कसं म्हणणार? वर्तमानपत्रांनी यातून आपापल्या वाटा काढल्या आहेत. खेळाडू 'तो', मंत्री 'ते', आरोपी पुन्हा 'तो'. कोशाला हे चालणार नाही. मी शेवटी सर्वनामच गाळलं: 'विवाहसमयी रखमाबाईंचं वय अकरा वर्षं होतं.' वाक्य कोरडं आहे, पण आकडा आपलं काम करतो.

मग 'पहिली'. मराठी माणसाला चरित्रनायिका पहिली असल्याशिवाय चैन पडत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि प्रत्यक्ष वैद्यकी सुरू करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. म्हणून रखमाबाईंना 'प्रत्यक्ष व्यवसाय करणारी पहिली भारतीय स्त्री डॉक्टर' म्हणायची प्रथा पडली. पण रखमाबाई लंडनहून शिकून परतल्या त्या १८९४ मध्ये. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींनी १८८६ मध्येच तिथल्या मेडिकल कॉलेजचं शिक्षण पुरं केलं होतं, आणि व्यवसायही केला. बंगाल आपल्या नकाशात येत नाही म्हणून कादंबिनीबाई दुसऱ्या होत नाहीत. 'पहिली' खोडून मी 'सुरुवातीच्या भारतीय स्त्री डॉक्टरांमध्ये गणना होते' असं लिहिलं. सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी इतकी वर्षं रुग्णालयं सांभाळली, ते काम 'पहिली' या एका शब्दाखाली झाकलं जायचं. आता त्यावर परिच्छेद लिहायला जागा झाली.

खरी कुस्ती लागली ती व्हिक्टोरिया राणीशी. राणीने हस्तक्षेप करून हा विवाह रद्द केला, अशी कथा जालभर पसरली आहे, वर्तमानपत्रांतले लेखही तेच सांगतात. कथा गोड आहे यात शंका नाही. खुद्द एक राणी एका दूरच्या मुलीच्या मदतीला धावते. खटल्याचे कागद उलगडलेल्या अभ्यासकांनी मात्र वेगळंच नोंदवलंय: १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. 'राणी नाही, रोख रक्कम,' असं मी वर्गात सांगत आले आहे. पण इथे 'मी सांगते' हे चालत नाही. एका बाजूला बातम्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला एक जाडजूड अभ्यासग्रंथ. ग्रंथाचा पृष्ठक्रमांक दिला, तेव्हा वाक्य टिकलं. माझ्याच हस्तलिखित टिपणांतलं एक वाक्य घालायचा मोह होता, तेव्हा विद्यार्थ्याने हळूच विचारलं, "हे छापून आलंय का कुठे?" नव्हतं. मूळ संशोधन इथे वर्ज्य. विद्यापीठात ज्याकरता पदवी देतात, नेमकं तेच.

हा जाच एकट्या माझ्या वाट्याचा नाही. टिमथी मेसर-क्रूस नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने शिकागोच्या १८८६ सालच्या हेमार्केट प्रकरणातल्या, म्हणजे कामगार सभेतल्या बॉम्बस्फोटाच्या, खटल्याचे कागद वर्षानुवर्षं चाळले आणि इंग्रजी विकिपीडियावरचं एक विधान बदलू पाहिलं. ते परत फिरवलं गेलं. छापून आल्यावर या, तिथले संपादक म्हणाले. त्यांचं पुस्तक छापून आलं, तर म्हणाले, बाकीचे इतिहासकार अजून जुनंच सांगतात. २०१२ मध्ये त्यांनी ही हकिकत लिहून काढली. वाचताना माझी सहानुभूती आधी त्यांच्याकडेच होती. आता थोडी इकडेही सरकली आहे. दाराशी येणारा प्रत्येक जण 'मी तज्ज्ञ आहे' असंच म्हणतो. त्यातला मेसर-क्रूस कोण आणि शिवरायांच्या घोड्याची वंशावळ घेऊन आलेला कोण, हे सदस्यनावावरून ओळखायचं कसं?

उलट्या बाजूने नियम किती आंधळा होतो, तेही खरंच. डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजीत नाकारला गेला. बाई उल्लेखनीय आहेत असं दाखवणारे स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत, हे कारण. ऑक्टोबरात त्यांना नोबेल मिळालं. ज्यांच्याबद्दल आधी कोणी लिहिलेलंच नाही त्यांच्याबद्दल लिहायचं नाही, हा न्याय बायकांना नेहमीच महाग पडतो. त्या मानाने रखमाबाई भाग्यवान: खटला झाला म्हणून वृत्तपत्रांत आल्या. सुखाने नांदल्या असत्या तर संदर्भाअभावी उडाल्या असत्या.

सध्या मी त्यांच्या सावत्र वडिलांची जुळवाजुळव करते आहे. डॉ. सखाराम अर्जुन वनस्पतिशास्त्र शिकवत, १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांत जे दोन भारतीय होते त्यांतले हे एक, आणि खटल्याचा पहिला निकाल लागायच्या आतच ते गेले. मसुद्यातली पहिली ओळ आहे, 'रखमाबाईंचे सावत्र वडील'. विद्यार्थी म्हणतो, मॅडम, आधी त्यांचं काम लिहा, नातं नंतर. तत्त्वतः त्याचं बरोबर आहे. पण असंख्य बायकांच्या नोंदी 'अमक्याची पत्नी'ने सुरू झालेल्या मी वाचल्या आहेत, तेव्हा ही ओळ अजून चार दिवस धूळपाटीवर राहू दे.