माळरानाच्या मातीतला कर्ब मोजताना

कोरड्या चराऊ रानातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्यातून आणि शेणातून मातीत आलेला कार्बन, मोजायचे काम हाती आले, तेव्हा आधी ठरवायचे होते की खड्डा घ्यायचा कुठे. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती गोळा करतात, ती कालवतात आणि त्यातली अर्धा किलो तपासणीला देतात. माळावर असे केले तर जो फरक शोधायला गेलो तोच कालवून जातो. झुडपाखाली पालापाचोळा साचतो, वाऱ्याने उडालेली बारीक माती अडकते, सावलीला बसलेल्या जनावरांचे शेण पडते. दोन पावलांवरच्या उघड्या जमिनीवरून मात्र पाणी सगळे धुऊन नेते. म्हणून झुडपाखालचे, गवताच्या ठोंबाजवळचे आणि उघड्या जागेचे नमुने वेगळे ठेवले. टेप टाकून कोणाची व्याप्ती किती टक्के, तेही मोजले. झुडपाखालचा आकडा कितीही भरघोस आला, तरी झुडपे 10 टक्के जागेवरच असतील तर हिशेबात त्याला वजन तेवढेच.

सगळ्यात रमलो मातीची घडण तपासताना. साधने काय, तर छोट्या जाळीच्या गाळण्या आणि पाणी. उघड्या जागेतला खडा इतका टणक की चिमटीत फुटेना. पाण्यात सोडला आणि बुडबुडे सोडत बघता बघता त्याचा चिखल झाला. पाणी आत शिरते तशी कोंडलेली हवा खड्याला आतून फोडते. झुडपाखालचा खडा हाताला भुसभुशीत, पण पाच मिनिटांनीही जागचा हलला नाही. त्याला बारीक मुळे, बुरशीचे तंतू आणि सूक्ष्मजीवांच्या चिकट द्रव्याने बांधून ठेवलेले असते.

उभ्याने पाहिले तर उघडी जमीन सगळी सारखीच दिसते. गुडघे टेकले की दोन तऱ्हा कळतात. एक गुळगुळीत पापुद्रा, पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने बसलेला. त्यातून पाणी मुरत नाही. दुसरा काळपट, खरबरीत. तो चाकूने अलगद उचलला तर खाली सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे उन्हावर स्वतःचे अन्न बनवणाऱ्या जिवाणूंच्या, धाग्यांना वाळूचे कण लोंबकळताना दिसले. हा पापुद्रा धूप रोखतो, पण खुरांखाली पटकन मोडतो. त्याचे नमुने मग वेगळ्या पिशवीत गेले.

घनतेचे, म्हणजे ठराविक जागेत किती वजनाची माती मावते ते मोजायचे, काम कंटाळवाणे. दगडांमुळे नमुना घ्यायचे नळकांडे आत जाईना, तेव्हा छोटा खड्डा काढून त्यात प्लास्टिक अंथरले आणि मावलेले पाणी मोजले. काढलेली माती 105 अंशांवर वाळवून तोलली, दगड वजा केले. ही घनता चुकवून चालत नाही. 1 टक्का कर्ब, घनता घनसेंटिमीटरला 1.4 ग्रॅम आणि 10 सेंटिमीटर खोली धरली तर हेक्टरी 14 टन कर्ब होतो. पाणवठ्याजवळ खुरांनी दाबलेल्या जमिनीत त्याच खोलीत माती जास्त मावते, आणि काहीही न वाढता कर्ब वाढल्यासारखा दिसतो. म्हणून तुलना समान खोलीची न करता समान वजनाच्या मातीची केली.

प्रयोगशाळेतून आकडे आले. खालच्या थरात एकूण कर्ब वरच्यापेक्षा जास्त! सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच ती माती फसफसली, म्हणजे चुनखडी. नमुना जाळून कर्ब मोजताना चुन्यातला कर्बही त्यात धरला जातो. चुना आम्लाने काढून पुन्हा मोजल्यावर खालचा थर वरच्यापेक्षा गरीब निघाला.

अहवालात एकच आकडा हवा होता. मी प्रत्येक प्रकारच्या जागेचा आकडा तिच्या व्याप्तीसह वेगळा दिला आणि क्षेत्रानुसार काढलेली सरासरी सगळ्यांत खाली लिहिली.